मुरमाडीला नाव कुणाचं

डोंगरातल्या त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. गावाची लाज राखायची म्हणून नव्हे. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं सुटतात, आणि एवढी उदार मी नाही.

दैवशाला वाव्हळे परभणीच्या आमच्या ज्वारी केंद्रात शास्त्रज्ञ होती आणि मी, चतुरा, तिच्या हाताखालची सहायक. तिची आई ताडकळसजवळच्या खेड्यात लोकांच्या शेतात कणसं मोडायला जायची. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटवल्या गेल्या, त्यात त्या माउलीचं घरही जळालं. दैवशालाची तेव्हा परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर देऊन ती गावी गेली, आणि हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं.

पंचाऐंशीच्या फेब्रुवारीत जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातलं गावठी बियाणं गोळा करायची मोहीम निघाली. ज्येष्ठतेनं दैवशालाच प्रमुख झाली. कुणी उपकार केला नव्हता, तरी केंद्रात पोटदुखी सुरू झाली. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "मुरमाडी आणलीत तर पुढच्या मोहिमाही तुमच्या. नाहीतर बन्सीधर बघतील." मुरमाडी म्हणजे मुरमाच्या जमिनीत, पाऊस रुसला तरी उभी राहणारी ज्वारी. तिच्याबद्दल सगळे बोलत, केंद्रात तिचा दाणा कुणी पाहिला नव्हता.

बन्सीधर दैवशालाच्या हाताखालचा, पण वयानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. पहिल्याच सकाळी तो ऐटीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मोहिमेची प्रमुख मागे, माझ्या आणि पोत्यांच्या मध्ये. वाटेत मान वळवून तो म्हणाला, "मॅडम, गावात आडनाव पुढं करू नका. काम होऊ द्या." मला वाटलं, आता ही जीप थांबवते. ती म्हणाली, "बरं." बन्सीधरपेक्षा मला तिचाच राग जास्त आला.

मग गावोगाव तोच तमाशा. बन्सीधरला खुर्ची, चहा, साहेब-साहेब. दैवशालाला पाहून बाया पटापट दारं लावून घ्यायच्या, कारण जीपमधून उतरणारी शिकलेली बाई म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला आलेली, असं डोंगरात पक्कं झालं होतं. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडून सांगितलं, "बाई, आमच्या घरातल्या समद्यांची झाली, आता कोणी उरलं न्हाई." ती हसली. मला हसू आलं नाही. ज्या बाया बियाणं राखतात त्याच दाराआड, आणि बन्सीधर ओट्यावर बसून पुरुषांना विचारणार. मिळत होतं ते बाजारातलंच बी.

शेवटी मुरमाडी सापडली ती व्यंकटराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याच्या रानात. काढणी चालली होती. व्यंकटरावांनी आमचं आगतस्वागत केलं, स्वतः वाकून चांगली टपोरी कणसं निवडली, आणि ती दैवशालापुढे धरत सहज विचारलं, "बाई, तुमी कोणाच्या?"

आमच्याकडे हा प्रश्न पाण्याच्याही आधी येतो. बन्सीधर घाईनं म्हणाला, "मॅडम परभणीच्याच." दैवशालानं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"वाव्हळे," ती म्हणाली. "ताडकळसकडची."

पुढे आलेला हात मागे गेला. मग व्यंकटरावांनी ती कणसं कमरेएवढ्या उंचीवरून तिच्या पायाशी सोडली. "घ्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. रोजचं काम उरकावं तसं.

"हातात द्या," दैवशाला म्हणाली.

"दिलीच की."

बन्सीधर उचलायला वाकला. "बन्सीधर, उचलायचं नाही," ती म्हणाली, आणि तो वाकलेलाच राहिला. हा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. तिनं पुन्हा हात पुढे केला. व्यंकटराव मान वळवून बैलांकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं तिनं हात खाली घेतला आणि जीपकडे निघाली.

जीपपाशी बन्सीधर भडकला. "तुमच्या मानापायी एवढी मोहीम पाण्यात घालता? शास्त्र मोठं की मान?"

"माझ्या आईनं जन्मभर अशीच वरून टाकलेली कणसं गोळा केली," ती म्हणाली. "म्हणून मी शिकले. इथं येऊन तेच करायला नाही. तुम्ही मागे बसा." तो मागे बसला.

ड्रायव्हरनं विचारलं, परभणी का? ती म्हणाली, गावाबाहेरच्या वस्तीकडे. मला कोडं पडलं. ती म्हणाली, "अगं, कणसं मोडणाऱ्या बायांना मजुरी कणसांतच मिळते. त्यातलीच चांगली निवडून त्या पेरतात. मुरमाडी व्यंकटरावांच्या एकट्याच्या रानात कशी राहील?"

वस्तीमागच्या गायरानावर, सरकारी पडीक जमिनीवर, धुरपताबाई नावाच्या म्हातारीनं मुरमाडी पेरली होती. होती म्हणायचं, कारण उभ्या पिकात आठवड्यापूर्वी व्यंकटरावांची गुरं सोडली होती. नुसते बुडखे उरले होते. बियाण्याची म्हणून आधीच काढलेली जुडी तेवढी घरात आढ्याला टांगलेली. धुरपताबाईनं दैवशालाला आडनाव विचारलं, ऐकलं, आणि जुडी खाली काढून अर्धी तिच्या हातात दिली. दैवशाला नको नको म्हणाली, तर ती म्हणाली, "ने. पण फिरून आणून दे."

बन्सीधरनं पिशवी बांधून विचारलं, देणाऱ्याचं नाव काय घालू? गावठी वाणाला आम्ही देणाऱ्या शेतकऱ्याच्या नावानं ओळखायचो. "धुरपताबाईची मुरमाडी," दैवशाला म्हणाली.

म्हातारी एकदम पुढे आली. "न्हाई बाई. नाव नको. नाव लावायचं म्हनलं की आमची घरं जळत्यात."

दैवशालानं नावाची जागा कोरी ठेवायला सांगितली. नमुना बिननावी गेला. साहेबांना मात्र तिनं तोंडावर सांगितलं, यापुढे मोहीम वस्तीपासून सुरू होईल आणि घेतलेलं बी दुप्पट परत जाईल. तो नियम तिनं अंगावर घेऊन चालवला, भांडून. पुढच्या सगळ्या मोहिमा तिच्याच झाल्या आणि तिच्या जिभेला धार चढली. लोक म्हणायचे, वाव्हळे बाई तापट आहे. मी म्हणायचे, उशिरा झाली, पण झाली.

दर हंगामात ती धुरपताबाईला बी परत द्यायला जायची. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्याच विद्यापीठाचा अखेर नामविस्तार झाला, परभणीत मिठाई वाटली गेली, आणि आम्ही पेढे घेऊन त्या वस्तीवर गेलो. धुरपताबाईला आता दिसत नव्हतं. दैवशालानं तिचा हात धरून विचारलं, "आजी, आता लावू का ज्वारीला तुमचं नाव?"

धुरपताबाईनं पेढा चाचपला आणि शेजारच्या लेकराला देऊन टाकला.

"गायरान कसायला लागून तीस वर्सं झाली," ती म्हणाली. "सातबाऱ्यावर अजून सरकार. आधी जमिनीला लाव माजं नाव. ज्वारीचं मग बगू."