हातमोज्यांना लावलेला भंडारा

चार वर्षांपूर्वी सुलाबाईला कुणी विचारलं असतं, फुटबॉल कशाशी खातात, तर तिनं सरळ सांगितलं असतं, भाकरीशी खात असतील. जतकडच्या माळावर बापाच्या मेंढरांमागं चालत ती मोठी झाली. चेंडू तिला माहीत होता तो चिंध्यांचा, आणि तोही भावांचा. लग्न होऊन ती धुळाबरोबर कुपवाडला आली. धुळा एका लहान कारखान्यात लेथवर लागला. तिनं दोन खोल्यांत देव मांडले, दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं करून दिली. सकाळी देव्हाऱ्यातल्या बिरोबाच्या टाकाला, देवाच्या चांदीच्या पत्र्याला, हळद वाहायची आणि मगच गॅस पेटवायचा, हा नेम तिनं अंगात ताप असतानाही मोडला नाही.

कारखान्यांच्या मागं एक पडीक जागा होती. मानसिंगराव नावाच्या फाउंड्रीवाल्यानं चार मित्रांना गोळा करून तिथं फुटबॉलचा क्लब काढला. फौजेत असताना तो स्वतः खेळलेला. लोक हसले. सांगलीनं कुस्ती बघावी, हळद विकावी, पगार देऊन पोरं पळवायची ही कसली हौस, असं म्हणाले. पहिल्या वर्षी मॅच बघायला सहा माणसं आली, त्यातली दोघं कुणाचा तरी पत्ता विचारत आलेली. खेळाडूंचे कपडे धुवायला बाई पाहिजे होती. सुलाबाईचं घर मैदानाला लागून, म्हणून तिला विचारलं.

दुसऱ्या वर्षी क्लब जिल्ह्यात पहिला आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी राज्याच्या लीगमध्ये गेला. कोल्हापूरहून विश्वजीत नावाचा कोच आला. केरळचे, गोव्याचे खेळाडू पगारावर आले. कुंडल, पलूसची पोरं मोटरसायकलींवर तिघं तिघं बसून मॅचला यायला लागली. ज्यांनी हसून घेतलं होतं तेच पुढच्या रांगेत बसायला भांडू लागले. सुलाबाईला खेळाडूंची नावं यायच्या आधी नंबर पाठ झाले. सातवाल्याचे मोजे कायम फाटतात, दहावाल्याच्या शर्टाला तंबाखूचा वास येतो आणि तो कोचला कळता कामा नये, हे सगळं तिला ठाऊक. ऑफसाइड म्हणजे काय, ते ती आता धुळाला ताटं वाट्या मांडून समजावून सांगायची.

एक नंबरचा शर्ट मुआनाचा. हा गोलकीपर, मिझोरामचा, चोवीस वर्षांचा. पहिल्या आठवड्यात सुलाबाईनं त्याला मुन्ना म्हणून हाक मारली, आणि ते नाव सगळ्या क्लबनं उचललं. तीन वर्षांत तो मोडकंतोडकं मराठी शिकला होता. कपडे सगळे सुलाबाईकडं द्यायचा, पण हातमोजे कधी नाही. ते स्वतः कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा.

"मावशी, हे मी. हात नको लावू."

"का रं? माझ्या हाताला काटं हायत व्हय?"

"काटा नाही. हे रबर. ओलं, साफ, तर बॉल चिकटतो. पावडर लागला, साबण लागला, बॉल पळतो."

तिनं मान डोलावली, पण मनात थोडी रुसली. बावीस जणांचे कपडे धुते आणि याला माझ्या हाताचा भरवसा नाही, असं तिला वाटलं.

यंदाच्या मार्चमध्ये एकच मॅच उरली. पुण्याच्या संघाशी नुसती बरोबरी झाली असती, तरी क्लब देशाच्या लीगमध्ये गेला असता. गुरुवारी सुलाबाई एसटीनं गावाकडं गेली, बिरोबाच्या पायांवरचा भंडारा, देवाला वाहिलेली हळद, पदरात बांधून परत आली. रविवारी मॅचआधी खेळाडू सरावाला मैदानात उतरले, तेव्हा कपड्यांच्या खोलीत ती एकटी होती. खुंटीवर टांगलेल्या अकरा शर्टांच्या आतल्या शिवणीला तिनं एकेक चिमूट भंडारा लावला. मग मुआनाच्या बाकापाशी आली. सरावाचे हातमोजे तो घालून गेला होता. मॅचचे टॉवेलवर मांडून ठेवलेले होते.

हात लावू नको म्हणून सांगितलंय, हे तिला आठवलं. आठवलं नाही असं ती पुढं कधीच म्हणाली नाही. पण तिच्या मनात आलं, बाकीचे दहा जण पायानं खेळतात, हातानं खेळणारा हा एकटा. देवाचा आशीर्वाद लागायचा तर तो इथंच लागला पाहिजे. तिनं मूठभर भंडारा त्या रबरी तळव्यांवर ओतला आणि अंगठ्यानं चोळून चोळून जिरवला. तळवे मुळातच पिवळे, त्यामुळं काही दिसलं नाही. "चांगभलं," ती पुटपुटली आणि हात पदराला पुसले.

मुआनानं नेहमीप्रमाणं बाटलीतलं पाणी हातमोज्यांवर ओतलं आणि मैदानात गेला. पहिल्या अर्ध्या वेळात क्लबनं गोल मारला. माणसं नाचली, सुलाबाईनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. मुआना मात्र सारखा वाकून तळवे गवताला पुसत होता. दुसऱ्या अर्ध्यात पुण्यानं डोक्यानं एक गोल केला. त्यात त्याचा दोष नव्हता. बरोबरी पुरेशी होती. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि लांबून एक साधा फटका आला, छातीच्या उंचीचा. असले फटके मुआना झोपेतही धरायचा. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला, ओल्या साबणाच्या वडीसारखा निसटला, पोटावर आपटला आणि पायांमधून मागं गोलात गेला.

शिट्टी वाजल्यावर मुआना गोलजवळ गुडघ्यांवर बसून राहिला. त्यानं उजवा तळवा नाकाशी नेला, वास घेतला. मग मान वर करून कपड्यांच्या खोलीकडं पाहिलं. दारात सुलाबाई उभी होती. ती आत सरली.

तो कुणाला काही बोलला नाही. कोचला एवढंच म्हणाला, "माझी चूक."

संध्याकाळपर्यंत मोबाईलवर सुरू झालं. गोली विकला गेला. पुण्याकडून घेतलं. बाहेरचा तो, त्याला सांगलीचं काय. त्याच्या नाकाडोळ्यांवरून जे लिहिलं गेलं ते सांगण्यासारखं नाही. क्लबच्या ऑफिसात काम करणारी रेश्मा ते वाचत होती आणि पुसत होती. पुसलं की नवीन येत होतं.

सोमवारी पाण्याच्या टाकीपाशी बायका जमल्या. दगडाबाई म्हणाली, "त्या चपट्यानंच घात केला. तुज्या हातचं धुतलेलं घातलं तीन वर्सं. व्हय का न्हाई गं सुले?"

"व्हय," सुलाबाई म्हणाली.

एवढा एक शब्द. कळशी कमरेवर घेऊन ती घरी आली. चूक अजाणतेपणी झाली असं मनाला समजावता आलं असतं. हे व्हय मात्र जाणूनबुजून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकापुढं बसली तर हळदीच्या वाटीकडं हात जाईना. पहिल्यांदा तिनं गॅस आधी पेटवला.

धुळाला तिनं सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"कुणाला बोललीस?"

"न्हाई."

"बोलू बी नगंस. काम जाईल ते जाईल, वर लोक म्हणतील धनगराच्या देवानं मॅच घालवली. बिरोबाचं नाव आपल्यामुळं खराब करायचं हाय का?"

"आवं, त्या पोराचं नाव हुतंय की खराब."

"त्यो जाईल आपल्या मुलखात. तिकडं त्याला कोण विचारतंय?"

धुळा वाईट माणूस नव्हता. त्याचं ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच पुन्हा लाज वाटली.

मंगळवारी दुपारी ती मुआनाच्या खोलीवर गेली. तो बॅग भरत होता. बुधवारी कमिटीची बैठक होती आणि त्यात त्याला काढणार हे सगळ्यांना माहीत होतं. खिडकीत हातमोजे वाळत घातलेले होते, धुऊन धुऊन तळवे विटलेले.

"मुन्ना, तुला कळलं हुतं न्हवं?"

"कळलं. हळदीचा वास." तो शर्टाची घडी घालत राहिला. "मी बोललो होतो, हात नको."

"मग सांगितलं का न्हाईस कुणाला?"

तो पहिल्यांदा तिच्याकडं वळला. "कोण सांगणार, मी? मावशीच्या देवामुळं गोल झाला, असं मी बोलू? इथं? मला मैदानातून बाहेर जाऊ देतील?"

तिनं मान खाली घातली. तो रागावलेला होता, आणि त्या रागाला कारण तीच होती. तो पुढं म्हणाला, "माझा पण देव आहे. मॅचच्या आधी मी त्याला बोलतो. कुणाच्या हाताला लावत नाही."

ती घरी परत आली. आपण प्रसाद दिला की लादला, हा प्रश्न पन्नास वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता.

बुधवारी क्लबच्या ऑफिसात कमिटीचे पाच जण, कोच आणि एका बाजूला खुर्चीत मुआना. रेश्मा चहा घेऊन जात होती. तिच्या मागोमाग सुलाबाई आत शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

मानसिंगराव म्हणाला, "मावशी, पगाराचं काय असंल तर नंतर बघू."

"पगाराचं न्हाई. त्याच्या हातमोज्यांस्नी मी भंडारा लावला हुता. मूठभर. चोळून."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एक जण हसला, मग दुसरा. "भंडाऱ्यानं गोल हुतोय व्हय? आसं आसंल तर पुण्यावाल्यांनी बी घेऊन जावा एक पोतं." हसू खोलीभर पसरलं. सुलाबाईला वाटलं होतं शिव्या बसतील. शिव्या सोसायची तिनं तयारी केली होती, हसण्याची नव्हती. तरी ती दारातून हलली नाही.

विश्वजीत हसला नव्हता. त्यानं मुआनाच्या बॅगेतून हातमोजे मागून घेतले, ऑफिसातल्या गणपतीपुढची हळद तळव्यांवर चोळली, वर पाणी ओतलं, ते हातात चढवले आणि रेश्माला चेंडू टाकायला सांगितला. चेंडू हातांतून सटकून टेबलाखाली गेला. परत टाकायला सांगितला. परत गेला. हसू थांबलं.

"तू बोलला का न्हाईस रं?" त्यानं मुआनाला विचारलं. मुआनानं फक्त खांदे उडवले.

मानसिंगरावनं चहाचा कप बाजूला सारला. "मावशी, हे बाहेर न्हाई गेलं पायजे. देवाचं मधी आलं की लोक कसं बी वळवत्यात. बिरोबानं हरवलं म्हणतील."

"बिरोबानं न्हाई, मी हरवलं," सुलाबाई म्हणाली. "देव काय मला सांगाय आला न्हवता. ह्या पोरानं सांगितलं हुतं हात लावू नगं, तरी मी लावला."

मुआना राहिला. क्लबनं मोबाईलवर चार ओळी टाकल्या: सामन्याच्या वेळी गोलकीपरच्या साहित्यात दोष होता, खेळाडूची काही चूक नाही. सुलाबाईचं नाव त्यात नव्हतं, भंडाराही नव्हता. रेश्मानं तिला ते वाचून दाखवलं. सुलाबाई म्हणाली, "ह्यात माझं नाव कुठं हाय?" रेश्मा म्हणाली, "तुमाला सांभाळून घेतलंय, मावशी." आपल्याला सांभाळलं, आणि पोराला अर्धवट सोडलं, हे तिला कळलं. त्या चार ओळींवर कुणी विश्वासही ठेवला नाही. साहित्यात दोष म्हणजे बनाव, असंच लोक म्हणाले.

पावसाळ्यानंतर नवा हंगाम सुरू झाला. सरावाच्या पहिल्या दिवशी मुआना मैदानाकडं निघाला, तेव्हा गेटजवळच्या चहाच्या टपरीवर यशराज नावाचा एक पोरगा आणि त्याचे मित्र बसले होते. यशराज मोठ्यानं म्हणाला, "यंदा कितीला गेलास रं मुन्ना?"

मुआना न थांबता पुढं गेला. सुलाबाई त्याच्या मागं होती, डोक्यावर धुतलेल्या शर्टांचं गाठोडं. तिनं ते टपरीच्या बाकावर ठेवलं.

"त्यो गोल त्याच्या हातनं न्हाई झाला. त्याच्या हातमोज्याला मी भंडारा चोळला हुता. देवाचा. त्यानं बॉल निसटला."

पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. यशराज म्हणाला, "मावशी, सगळ्या संघाला न्हाई का लावला? एका सामन्यात दहा गोल पडलं असतं."

"शर्टांस्नी लावला हुता," ती म्हणाली. "हातमोज्याला लावाय नगं हुता. त्यानं मला सांगितलं हुतं. आनि टाकीवर बाया त्याला बोलत हुत्या, तवा मी बी व्हय म्हणाले."

आता कुणी हसलं नाही. टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली. कुणी काही बोलेल याची वाट न बघता तिनं गाठोडं उचललं आणि आत गेली.

आठ दिवसांत गोष्ट कुपवाडभर झाली. विकला गेला हे शब्द कमी कमी होत थांबले. त्यांच्या जागी दुसरं सुरू झालं. ती रस्त्यानं जाताना पोरं मागून ओरडतात, "ए भंडारामावशी, उद्याच्याला लाव की जरा." धुळाला कारखान्यातही तेच ऐकावं लागतं, आणि तो त्याबद्दल घरी बोलत नाही, हे तिला जास्त लागतं. सकाळी टाकाला हळद वाहताना ती बोटं आधी पाण्यात बुडवते, आणि देवाकडं काही मागत नाही. मुआना हातमोजे अजूनही स्वतः धुतो. बाकीचे कपडे तिच्याकडं देतो, कधी मावशी म्हणतो, कधी नुसता बादलीत टाकून जातो.

मागून हाक आली की तिची मान खाली जाते. पण ती ओ देते. दिली नाही, तर लोकांचं बोलणं परत मुन्नाच्या मागं लागेल.