कंडक्टर आणि शेवटचा भाग

"काहीतरी चांगली मालिका सांग," असं कुणी म्हटलं, की आमच्या गल्लीतला कंडक्टर नाव सांगायचा नाही. आधी विचारायचा, "कुठवर जायचंय?" म्हणजे हाताशी वेळ किती आहे. मग पुढचा प्रश्न, "संगं कोण हाय?" सासू असली तर एक मालिका, नवरा असला तर दुसरी. सासू आणि नवरा दोघंही असले तर तो मान हलवायचा. "मग आजची फेरी रद्द. गप जेवून झोपा."

गंगाखेड-परभणी गाडीवर त्यानं सगळी नोकरी उभ्यानं काढली. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलीनं मोठा टीव्ही पाठवला आणि मालिका पाहायचं आपलं खातंही वापरायला दिलं. कंडक्टरनं तो पासवर्ड आठवडाभरात अख्ख्या गल्लीला वाटून टाकला. रिकामी गाडी पळवणं त्याच्या जिवाला सोसायचं नाही.

खातं एकच, आणि एका वेळी ते एकाच घरात चालायचं. म्हणून त्यानं वेळापत्रक ठरवलं. सकाळची गाडी शेवंताकाकूंची, संध्याकाळची रशीदभाई टेलरची. टळटळीत दुपारची वेळ त्यानं स्वतःकडे ठेवली होती आणि तिला तो 'तपासणीची गाडी' म्हणायचा. मालिका गल्लीला सांगण्याआधी रस्ता बघून ठेवायला नको? एक नियम मात्र कडक होता. आपलं पाहून झालं की मालिका परत पहिल्या भागावर आणून ठेवायची, कारण पुढच्या माणसानं टीव्ही लावला की मागचा जिथं थांबला तिथूनच चित्र सुरू व्हायचं. "गाडी डेपोत लावा, मंग घरला जावा," असं तो प्रत्येकाला बजावायचा. कोण कितव्या भागावर आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं असायचं, आणि रस्त्यात भेटला की तो तेच विचारायचा, तब्येत नंतर.

चुडाव्याहून त्याचा मेव्हणा फोनवर कुरकुरायचा, "दाजी, पैल्या भागात कायबी होईना गेलंय." कंडक्टर इकडून ओरडायचा, "दारातच कामून उभारलाव? पुढं सरका, मधी जागा हाय!" पुढं सरकलं की खरंच जागा असायची. कुठं उतरायचं हेही तो सांगायचा. "पाचव्याला उतरा. फुडं रस्ता लय खराब हाय, हिरोईन समदं इसरून जाती." न ऐकता पुढं गेलेले लोक दोन दिवसांनी तोंड पाडून परत यायचे. तो हसायचा नाही. नवीन मालिका सांगायचा आणि समोरच्या लोखंडी गजावर बोटानं दोनदा टकटक करायचा. डबल बेल. निघा.

पण स्वतः कंडक्टर शेवटचा भाग कधीच पाहत नसे. एक भाग आधी तो टीव्ही बंद करायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "सर, शेवटच्या स्टॉपवर समदे उतरून जातेत. येकटा कंडक्टर ऱ्हातो. नोकरीभर ते बगितलं, आता नको." ही गोष्ट त्यानं मला सोडून कुणालाच सांगितली नव्हती. वाचकांनी ती लक्षात ठेवावी. पुढं लागणार आहे.

आता माझ्याकडे येतो. मी निवृत्त मुख्याध्यापक. "मी फक्त बातम्या पाहतो, मालिका हा रिकामटेकड्यांचा उद्योग," हे वाक्य मी गल्लीत इतक्या वेळा ऐकवलं होतं, की लोक मला पाहून टीव्हीचा आवाज कमी करायचे. घरात मी एकटा. एका दुपारी कंडक्टर आला, न विचारता रिमोट घेतला आणि ते खातं माझ्या टीव्हीवर सुरू करून दिलं. "तपासणीच्या गाडीत एक शीट खाली हाय, सर. आवाज बारीक ठिवा." त्या दिवसापासून दुपारची वेळ माझी झाली. तो पहाटेच, काकूंच्या गाडीआधी, उठून आपलं पाहून घ्यायचा. लोकांदेखत तो मला खुणेनं सल्ला द्यायचा. "सर, आज तिसऱ्या पहारी पाऊस हाय बरं का." म्हणजे तिसऱ्या भागात रडारड आहे, रुमाल घेऊन बसा. मी गंभीरपणे आभाळाकडे पाहायचो.

त्या वर्षी शेवंताकाकूंचा पाय मोडला. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं, पण काकू प्लास्टरसकट कापूस वेचायला निघायच्या. मग कंडक्टरनं त्यांना सरपंचाच्या खुनाची मालिका लावून दिली. काकू खाटेला अशा चिकटल्या की सुनेला उशा बदलता येईनात. बघता बघता सगळी गल्ली त्या गाडीत चढली. खून कुणी केला यावरून रशीदभाईंनी आपल्या भावाचा सदरा शिवायचा थांबवला. काकूंचा संशय सरपंचाच्या बायकोवर होता. "तिच्या कुकवाकडं बगा, किती सरळ लावलंय रांडंनं!" हा त्यांचा पुरावा.

गल्ली मध्यावर असताना मी दुपारी गुपचूप शेवटच्या भागापर्यंत पोचलो. पोलीस वाड्यात शिरले, बेड्या निघाल्या, गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या हातात पडल्या, आणि लाईट गेली. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि डोळा लागला. उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडी डेपोत लावायची राहून गेली होती.

मला जाग आली ती रशीदभाईंच्या आरोळीनं. "अरे कंपाउंडर निकला रे! हमारा कंपाउंडर!" त्यांनी टीव्ही लावला तो थेट बेड्यांवरच. क्षणात सगळी गल्ली रस्त्यावर. दुपारची गाडी तपासणीची, म्हणजे कंडक्टरची. दुसरं कोण असणार? रशीदभाई म्हणाले, "क्या कंडक्टर साब, आखरी स्टॉप पहलेच दिखा दिये?" काकू खाटेवरून ओरडल्या, "मुडद्या, आता मी प्लास्टर घेऊन कुणाकडं बगत पडू?"

कंडक्टरनं माझ्या दाराकडे पाहिलं. मी उंबऱ्यात उभा होतो, हातात वर्तमानपत्र. तो शेवटचा भाग पाहतच नाही, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तरी पुरे होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? मी वर्तमानपत्र उघडलं.

"चुकी झाली माय," कंडक्टर म्हणाला. "वय झालं माझं."

त्यानंतर त्याला कुणी काही विचारेना. लोक आपापल्या मनानं मालिका लावू लागले आणि दुसऱ्याच भागात घोरू लागले. काकू चौथ्या दिवशी कापसात गेल्या. कंडक्टर बसस्टँडवर जाऊन बसायचा. ज्याच्या त्याच्या गाडीला फलाट सांगायचा, तिथं तरी कुणी विचारतंय म्हणून. मी मात्र दुपारी बातम्या पाहत होतो. अगदी खरोखरच्या बातम्या. एवढी कडक शिक्षा मला कुणी दिली नव्हती.

वर्षभरानं मुलगी त्याला पुण्याला न्यायला आली. राग विरघळला होता, स्टँडवर सगळी गल्ली जमली. काकू लंगडत डबा घेऊन आल्या होत्या. कंडक्टर खिडकीशी बसला, प्रवाशाच्या जागेवर, अवघडून. त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाला, "सर, तेवढं एक सांगा. कंपाउंडरनं कामून मारलं वो त्याला? लय दिवस झाले, डोक्यातनं जाईना."

जन्मात पहिल्यांदा त्यानं शेवट विचारला होता. माझ्या मागे काकू उभ्या होत्या, रशीदभाई होते. मी घसा खाकरून मोठ्यानं म्हणालो, "मला काय माहीत बुवा? मी बातम्या पाहतो."

तो हसला. खिडकीच्या गजावर दोनदा टकटक केलं आणि गाडी निघाली. गेल्या उन्हाळ्यात तो पुण्यातच वारला.

म्हणून आता सगळ्यांदेखत सांगतो. त्या दुपारी मालिका मी पाहत होतो. काकू, तुमचा कंपाउंडर मी फोडला. रशीदभाई, कंडक्टरचा काही दोष नव्हता.

आणि कंडक्टर, तुमचं उत्तर. लाईट गेल्यावर राहिलेला भाग मी नंतर पाहिला. दवाखान्यातली औषधं दुसऱ्यानंच पळवली होती आणि आळ कंपाउंडरवर आला होता. सरपंचाला खरं माहीत होतं. तो चारचौघांत गप्प बसला. म्हणून कंपाउंडरनं त्याला मारलं.

तुम्ही मला फक्त डबल बेल दिलीत.