चिंचेचं प्रभुभोजन

आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाला पुण्याहून बिशपसाहेब येणार म्हणून सोलापुरात सात रस्ता चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पंच कमिटीचे अध्यक्ष हात जोडून कमरेपर्यंत उभे होते आणि वरच्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढे, बिशपसाहेब. येशूचंही नाव होतं, पण नेमकी त्यावर दोरीची गाठ आली होती.

आमच्या घरातली तयारी याहून शांत होती. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, स्वयंपाकघरात मनुका उकळत होती. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीसोबत प्यायचा रस आमच्याकडे विकत आणत नाहीत. हंगामात काळी द्राक्षं, एरवी काळ्या मनुका. उकळायच्या, कुस्करायच्या, पांढऱ्या फडक्यातून गाळून बाटलीत भरायच्या. हे काम आधी आजी करायची, तिच्यानंतर आत्याकडे आलं. आत्याचा नवरा गेला, नर्सची नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले. हे काम तेवढं उरलं. पेल्यांच्या कपाटाची किल्ली ती गळ्यातल्या साखळीत, क्रुसाच्या शेजारी अडकवते.

मी एकदा म्हटलं, “आत्या, यातलं एक हरवायचं झालं तर तू क्रूस देशील.”

“तुझी जीब हरवली तर लई बरं हुईल,” ती म्हणाली.

त्याच दिवशी उपासनेनंतर संडे स्कूलच्या मुलांना भेळ द्यायची होती. म्हणून आत्याने चिंच-खजुराचं पाणीही केलं: गूळ, जिरं, काळं मीठ आणि सोलापुरात घालतात तेवढं तिखट. तेही फडक्यातून गाळलं, तसल्याच सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि फ्रिजच्या दारात मनुकांच्या रसाशेजारी ठेवलं. दोन्हींचा रंग सारखाच, गडद तपकिरी. जिने नोकरीत औषधाची बाटली दोनदा वाचल्याशिवाय उचलली नाही, तिने सकाळच्या घाईत वासही न घेता एक बाटली पिशवीत टाकली आणि चर्चमध्ये जाऊन पेले भरले. दुसरी मी मागून भेळेच्या सामानाबरोबर नेली.

उपासना सत्काराने सुरू झाली. बिशपसाहेबांना फेटा, शाल, नारळ आणि एक मोमेंटो मिळाला. मोमेंटो इतका मोठा होता, की तो धरायला दोन पंच लागले. मग अध्यक्षांनी नम्रतेवर बराच वेळ भाषण केलं. बिशपसाहेब बारीक, वयस्कर गृहस्थ. फेट्याखाली ते आणखीच बारीक दिसत होते. प्रभुभोजनाची वेळ आल्यावर त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला. त्या दिवशी मला पटलेली ती पहिली गोष्ट.

त्यांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, पेला उचलला आणि एक घोट घेतला. थांबले. पेल्यात पाहिलं. मग उरलेलं पिऊन टाकलं आणि पेल्यांची तबकं पुढे पाठवली.

माझ्या जिभेला आधी जिरं लागलं, मागून मिरची आली. पण कोणी ब्र काढला नाही. प्रभुभोजनात तोंड वाकडं कोण करणार? ही आपल्याच पापांची चव असावी अशा समजुतीने लोकांनी ते गिळलं. माझ्या शेजारचे काका डोळे मिटून बसले होते, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नवख्या माणसाला तो पश्चात्तापच वाटला असता. पेटीवाल्याला गाण्याच्या पहिल्याच ओळीत ठसका लागला.

आत्या पुढच्या बाकावर होती. तिने पेला ओठाला लावला आणि तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. तिथून तो उपासना संपेपर्यंत हलला नाही.

आशीर्वाद होताच अध्यक्षांनी पंचांना मागच्या खोलीत बोलावलं. आत्याला उभं केलं होतं, म्हणून मीही दाराशी उभा राहिलो.

“पाहुण्यांसमोर मंडळीची अप्रतिष्ठा झाली,” अध्यक्ष फ्लेक्सच्या मराठीत म्हणाले. “पवित्र पेल्यात भेळेचं पाणी! यापुढे रस मॉलमधून, सीलबंद आणावा आणि बाईंना या कामातून काढावं, असा मी ठराव मांडतो.”

“अहो, एकदाच चुकलं तिचं,” मी म्हणालो.

“तू गप,” आत्या म्हणाली. “चूक माझीच हाय. वास घेतला असता तर कळलं असतं.” तिने साखळीतून किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. साखळीत क्रूस एकटाच राहिला. तिच्यावर चिडलेले पंचसुद्धा जमिनीकडे पाहायला लागले.

तेवढ्यात हात पुसत बिशपसाहेब आत आले. “जेवण थांबलंय म्हणे. काय झालं?”

अध्यक्षांनी त्यांना ठराव समजावून सांगितला. बिशपसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मग आधी मला काढा.”

“साहेब, तुमचा काय संबंध?”

“पहिला घोट माझा होता. मला चव कळली होती. थांबवता आलं असतं, तरी मी तबकं पुढे पाठवली. या बाईंना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. म्हणजे माझी चूक मोठी.”

“तुमची गोष्ट वेगळी, साहेब.”

“वेगळी कशी? ठरावात माझं नाव वर घाला, यांचं खाली. आणि हो, फ्लेक्सपेक्षा जरा मोठं घाला.”

कोणीतरी हसू दाबलं. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला. बिशपांना काढायचा ठराव कसा लिहायचा, याचा नमुना आमच्या कमिटीकडे नव्हता.

आत्याने हळूच विचारलं, “मग साहेब, थांबवलं का न्हाई?”

“एक तर मला वाटलं, सोलापुरात असंच करत असतील. तुमच्या तिखटाबद्दल ऐकून होतो.” मग त्यांनी किल्ली उचलली. “आणि दुसरं, ज्याच्या आठवणीत आपण पितो, त्याला वधस्तंभावर तहान लागली तेव्हा आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारसच मिळाला होता. म्हटलं, एखादा रविवार आपल्यालाही चालेल.”

किल्ली त्यांनी आत्याच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. ठराव कोणी पुन्हा मांडला नाही. कृपेवरची प्रवचनं मी जन्मभर हाताची घडी घालून ऐकली आहेत. त्या खोलीत मात्र माझ्या हाताची घडी कधी सुटली ते मला कळलं नाही.

बाहेर अंगणात मुलं मनुकांच्या रसातली भेळ खाऊन पुन्हा रांगेत उभी होती.

पुढच्या प्रभुभोजनाला आम्ही लवकर पोचलो. अध्यक्ष नेहमीसारखे दाराशी उभे होते, पण आत्याची नजर चुकवत होते. मला वाटलं, आता ती त्यांना चांगलं सुनावेल. मी तर वाक्यंही तयार ठेवली होती. ती कपाट उघडून, पहिला पेला भरून थेट त्यांच्यापुढे गेली.

“अध्यक्षसाहेब, आजपासून तुमी चाखून सांगायचं. मगच बाकीचे भरीन. माझ्या नाकाचा भरवसा न्हाई राहिला.”

अध्यक्षांना आयुष्यात अनेक पदं मिळाली होती, पण असं पद कोणी दिलं नव्हतं. त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला. घोट घेतला. भाषणाला करतात तसा घसा साफ केला. पण त्यांची ती कमावलेली मराठी काही बाहेर आली नाही.

“लई ग्वाड हाय, बाई,” ते म्हणाले, आणि तबक त्यांनी स्वतः उचललं.

उपासनेत पेला हातात आल्यावर सगळी मंडळी क्षणभर थबकली. प्रत्येकाने चोरून वास घेतला. मग सगळे एकदम प्याले, आणि शेवटचं गीत असं उठलं की रस्त्यावरचा केळीवाला गाडा थांबवून फाटकातून आत बघायला लागला.