हजेरीतलं गजराचं नाव

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाय, लेकीला न्हाय. ज्या भैनीपायी केलं, तिलाबी न्हाय. तुमाला सांगते — दात पडल्यात, बोलणं समजून घ्या.

स्वराज्य येऊन पाच-सा वर्सं झाली हुती. पाऊस न्हवता, रानात काम न्हवतं. सरकारनं इंदापूरच्या सडकेला खडी फोडायचं काम काढलं, म्हणून चूल पेटायची. माझ्या जोडीला गजरा. धनगराची — मेंढरं चाऱ्यावाचून मेलेली, नवरा आजारी. तिला सातवा म्हैना, पर कुणाला कळू द्यायची न्हाय. सकाळी मीच तिला लुगडं नेसवायची, पोट झाकंल असं. दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची न्हाय.

मग वरून हुकूम आला — पोटुशी बाईला खडीवर घ्यायचं न्हाय. हुकूम वाईट हुता का? बाईच्या जिवाचीच काळजी त्यात. पर तिनं घरी बसून खायचं काय, ते हुकमात न्हवतं.

त्याच आठवड्यात माझी धाकटी भैन जळोचीहून आली, दोन पोरं घिऊन. हजेरी भरलेली. मुकादम म्हणाला, "एक नाव गळालं की बघू." भैन रोज लिंबाखाली बसून राह्यची. मी तिच्याकडं बघायची — मग गजराकडं. ह्या बघण्यातच तीन दिवस गेलं.

चौथ्या दिवशी मुकादमाकडं पाणी प्यायला गेले. प्याले. तोंड पुसलं. म्हणाले, "तात्या, गजराला सातवा हाय."

येवढंच.

तिचं नाव खोडलं. हातोडा खाली ठिऊन ती माझ्याकडंच आली. "कुणी सांगितलं गं, आक्का?"

"तात्याची नजर लय वाईट," मी म्हणाले — आन् तिच्या पाठीवरनं हात फिरवला. हात फिरवायची काय गरज हुती?

दुसऱ्या दिवशी तिच्या जागंवर माझी भैन बसली. गजरा नवऱ्याला घिऊन गाव सोडून गेली. कुठं — मी विचारलं न्हाय.

दोन वर्सांनी इंदापूरच्या बाजारात दिसली. मी तोंड फिरवलं, पर तिनं वळखलं. मूल? "वाटंतच झालं, राह्यलं न्हाय," म्हणाली. मग माझा हात धरून संगं आलेल्या नणंदेला सांगाय लागली, "अगं, हीच ती आक्का. आई करणार न्हाय तेवढं केलं हिनं माझं."

नणंद खाली वाकली, माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं.