मनगटावरची जागा

माझ्या धाकट्या बहिणीची कातडी जन्मापासूनच अंगाला धरून नव्हती. जरा घासलं की फोड यायचा, फुटायचा, जखम उरायची. रक्तातूनच आलेला दोष, असं पुण्याचे डॉक्टर सांगायचे. गावात मात्र जितकी तोंडं तितके शाप. मी आठ वर्षांची असताना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची मोठी ताटली फिरायला लागली, ती दाखवायला मी तिला मनगट धरून ओढलं. ती जागेवरच राहिली आणि साल माझ्या मुठीत आलं, उकडलेल्या बटाट्याचं येतं तसं. ती किती रडली ते आठवत नाही. मुठीतलं ते ओलं, कोमट काहीतरी अजून जात नाही. त्यानंतर मी तिला कधी हात लावला नाही.

ती जखम माझं लग्न होईपर्यंत भरली नव्हती. मग एका डॉक्टरांच्या लक्षात आलं, तिच्या मांडीवर तळहाताएवढी एक जागा आहे, तिथं आजवर एकही फोड आलेला नाही. क्वचित शरीर आपली चूक आपणच सुधारतं म्हणे. तिथली कातडी त्यांनी मनगटावर लावली. ती रुजली. घासली तरी टिकली. आई येईल त्याला कौतुकानं दाखवायची. मी लांबूनच बघायची.

मनगटावरच्या त्या नव्या कातडीत स्पर्श परत येतोय का, हे डॉक्टरांनी रोज बघायला सांगितलं होतं. बहिणीनं डोळे मिटायचे, आपण कापूस टेकवायचा, जाणवला की तिनं सांगायचं. पंचमीला मी माहेरी आले आणि ते काम माझ्याकडे आलं. कापसानं का होईना, तिला हात लावायला मिळत होता. मला त्याची फार हाव सुटली होती.

"लागलं," ती म्हणायची. दर वेळी, न चुकता. मी वहीत बरोबरच्या खुणा करत गेले.

एक दिवस धुणं आपटताना उजव्या हातातला हिरवा चुडा दगडावर आदळला. एकच बांगडी उरली.

"फुटल्या म्हनू नगं, वाढल्या म्हन," आई म्हणाली. "आन् ती एक काढू नगं. उद्या नारायणगावात भरू."

दुपारी मी कापूस घेऊन बसले. टेकवला. बहीण गप्प. पुन्हा टेकवला, थोडा दाबून. गप्प. मी हातातल्या एकट्या बांगडीकडे बघितलं. इतके दिवस ती माझ्या बांगड्यांची किणकिण ऐकत होती. खोटं बोलत नव्हती. त्यालाच लागणं म्हणतात, असं तिला वाटत होतं.

मी कापूस खाली ठेवला आणि अख्खा तळहात त्या कातडीवर अलगद टेकवला. ती उबदार होती. माझ्या हाताखाली काही सुटलं नाही, सरकलं नाही. तिच्या अंगावर मी न भिता हात ठेवू शकेन अशी तेवढी एकच जागा होती.

बहीण मिटल्या डोळ्यांनी, मान तिरकी करून ऐकत बसली होती.

"ताई, कर की सुरू," ती म्हणाली. "मी कवाची थांबलीय."