भिंतीकडे तोंड करा

गिटारकाका दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आधी भिंतीकडे तोंड करून उभं करत. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं वाद्यांचं एवढंसं दुकान होतं. चांगली पोटं सुटलेली माणसं तिथे शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी असत आणि मागे काका एकेक गिटार छेडत. "रंग बघून साडी घ्यावी, गिटार नाही," असं त्यांचं म्हणणं.

मी गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि माझी कीर्ती वाईट होती. पेटी, पोहणं, जर्मन, सगळं चार-चार महिन्यांत सोडून झालेलं. पेटी तर माळ्यावरच होती. निघताना नवरा म्हणाला, "अगं, माळ्याचं माप घेऊन जा." तेव्हाच मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही गिटार माळ्यावर जाणार नाही.

भिंतीकडे बघत मी तीन गिटारी ऐकल्या आणि दुसरी निवडली. वळून बघते तर नायलॉनच्या तारांची, छोटीशी, पोळपाटाच्या रंगाची! आणि वर टांगलेली एक काळीभोर, चकचकीत, भली मोठी, स्टीलच्या तारांची. मी हरखलेच. "मला ती हवी!"

"बसा," म्हणत काकांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. माझी उंची चार फूट अकरा इंच. हनुवटी गिटारीवर टेकली, उजवा हात तारांपर्यंत पोचेना, आणि डाव्या हाताने तार दाबताच मी "आई गं!" म्हणून ओरडले.

"ताई, या तारा पहिल्याच आठवड्यात बोटं सोलतात. मग माणूस म्हणतो, उद्या बघू. आणि गिटार जाते माळ्यावर."

माळ्याचं मी त्यांना सांगितलंही नव्हतं! छोटी घेतली आणि माळ्यावरच्या पेटीचंही त्यांना सांगून टाकलं.

"पिशवीत ठेवू नका. हॉलमध्ये खिळ्यावर टांगा, येता-जाता हात लागला पाहिजे," त्यांनी बजावलं. "कुकर लावलात की वाजवायला बसा. तीन शिट्ट्या झाल्या की बंद. हौस शिल्लक राहिली पाहिजे." पहिल्या महिन्यात मी शिट्ट्या मोजायला विसरायचे आणि घरचे मुकाट गुरगुट्या भात खायचे.

तीन वर्षांनी इमारत पाडायची ठरली. काका कोलशेतला लेकीकडे राहायला निघाले. शेवटच्या आठवड्यात मी तारा बदलून घ्यायला गेले आणि हट्टच धरला, "काका, आता तरी ती काळी द्या."

"भिंतीकडे तोंड करा."

केलं. पहिली वाजली. दुसरी वाजली आणि मी जागच्या जागी उडी मारली. "हीच! हीच द्या!"

वळले. काळी बाजूला ठेवलेली आणि काकांच्या मांडीवर माझीच गिटार होती, मघाशी तारा बदलायला दिलेली. काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसत होते आणि मला रडूही येत होतं. आता भिंतीकडे तोंड करायला कोण सांगणार?

"ही काही आता माळ्यावर जात नाही," काका म्हणाले. "घरी जा आणि ती पेटी खाली काढा."

काढली. तीन शिट्ट्या गिटारीच्या, तीन पेटीच्या. आमच्याकडे हल्ली भात कायमच गुरगुट्या असतो.