न्यायाधीशांना म्हणायचं काय?

आमच्या घराण्यात भर कोर्टातून बाहेर काढलेली एकच व्यक्ती आहे, आणि ती मी.

खटला माझा नव्हता. रोह्याजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या आबाकाकांचा होता. त्यांच्या शेतावर जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची वाट शेजाऱ्याने तार ठोकून बंद केली होती. वाट गेली की गाडी गेली, गाडी गेली की भात घरी येणार कसा? सगळं काकांच्या साक्षीवर होतं. आणि काका पडले मोकळ्या तोंडाचे! तेव्हा मी सूत्रं हाती घेतली. (कुणी दिली नव्हती.)

साक्षीच्या दोन दिवस आधी काकांना पेणला, आमच्या रामवाडीच्या घरी आणलं आणि यादी करायला बसले. मी यादीशिवाय भाजीलाही जात नाही, हे तर कोर्ट! पण पहिल्याच कलमाला गाडी अडली. न्यायाधीशांना म्हणायचं काय? काकांचे वडील म्हणे 'मुन्सफ' म्हणायचे. माझा नवरा म्हणाला, "मिलॉर्ड! सिनेमात तसंच म्हणतात." शेवटी वकिलांना फोन लावला.

"अहो ताई, न्यायमूर्ती आणि मिलॉर्ड हायकोर्टात. आपल्याकडे न्यायाधीश. समोर नुसतं साहेब म्हटलं तरी चालतं."

नुसतं साहेब? साहेब तर आम्ही मीटर बघायला येणाऱ्यालाही म्हणतो! मी ठळक अक्षरांत लिहिलं : 'न्यायाधीश महाराज'.

मग तालीम. नवऱ्याला माझा काळा रेनकोट घालून टेबलावरच्या खुर्चीत बसवलं.

"गो, मी खरं तेच सांगणार हाय," काका कुरकुरले. "मग हाक कशी मारली, यानं काय होतंय?"

"खूप होतं! पुन्हा म्हणा!"

वीस वेळा म्हणून घेतलं. एकविसाव्या वेळी न्यायाधीश महाराजांनी पुढची तारीख दिली आणि चहा मागितला.

साक्षीच्या दिवशी पहिल्या एस.टी.ने रोह्याला पोचलो. मी वकिलांशी बोलायला वळले, दोनच मिनिटं! मागे बघते तर काका कोर्टाच्या दारात हात जोडून उभे आणि तोंडाने धबधबा चालू. "न्यायाधीश महाराज, तार ठोकली हो त्यानं! आता तुम्हीच काय ते बघा!" समोर पांढराशुभ्र गणवेश, छातीवरून लाल पट्टा, पट्ट्यावर चकचकीत पितळी बिल्ला. पट्टेवाला! आणि तोही डोळे मिटून, मान डोलावत, अख्खी साक्ष ऐकून घेत होता!

"काका, हे न्यायाधीश नाहीत!"

"तूच लिवलंस ना, कलम तीन? 'सगळ्यात रुबाबदार दिसेल तो न्यायाधीश'!"

(लिहिलं होतं.)

तेवढ्यात पुकारा झाला. आत गेलो. खुर्चीत एक तरुण मुलगी! चष्मा, काळा कोट, जेमतेम माझ्या भाचीच्या वयाची. काका पिंजऱ्यात चढले, त्यांनी वर पाहिलं आणि मागे वळून मला विचारलं, "यादीत बाई नाय! हिला काय म्हणू?"

"बाबा, इकडे बघा. ऐकू येतंय ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"व्हय गो बाय, येतंय!"

गो बाय! वाट गेली, भात गेला, काका आता तुरुंगात! मी ताडकन उभी राहिले.

"मिलॉर्ड! म्हणजे न्यायमूर्ती! म्हणजे महाराज... मॅडम! त्यांना असं म्हणायचं नव्हतं. मी दोन दिवस त्यांना शिकवलंय, सगळं लिहून दिलंय!"

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. समोरच्या वकिलांनी मात्र जवळजवळ उडीच मारली. "पढवलेला साक्षीदार! लेखी पुरावा आहे!"

यादी न्यायाधीशांकडे गेली. त्यांनी ती शांतपणे वाचली, अगदी मोठ्याने. "'कलम चार. साहेबांच्या मिशांकडे टक लावून बघू नये. कलम सहा. लघवीला आधीच जाऊन यावे.'" चष्मा सावरून त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, यात वाटेबद्दल एक अक्षर नाही. साक्ष चालू राहू दे. यादीवाल्या बाईंनी मात्र बाहेर बसावं."

दार उघडं होतं म्हणून बाकीचं मला बाहेर बाकावर ऐकू आलं. शेजाऱ्याचा वकील दरडावत होता, "तिथे वाट कधी नव्हतीच!"

"नव्हती?" काका न्यायाधीशांकडे वळले असावेत. "बाय गो, तुझ्याएवढ्या माझ्या लेकीचं लगीन शेतावरच लागलं, वऱ्हाड त्याच वाटेनं आलं. ह्याच शेजाऱ्याच्या बापानं बांधावर मांडव घातला, पाव्हण्यांना सरबत दिलं. वाट नव्हती, तर वऱ्हाड काय उडत आलं?"

आत हशा पिकला. पुढे निकाल लागला, तार निघाली, काकांची गाडी आजही त्या वाटेने जाते. हाक कशी मारली, यानं काहीच झालं नाही.

त्या दिवशी मी मात्र बाकावर रडवेली बसले होते. पट्टेवाला शेजारी येऊन बसला, पितळी बिल्ला सरळ केला आणि मायेने म्हणाला, "हं ताई, आता तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा."

माझे हात आपोआप जोडले गेले. "काय सांगू, न्यायाधीश महाराज..."